डोमाजींचं मातीकाम

गुलाब सरांना पत्र्याचा एक रिकामा डबा हवा होता, आणि अख्ख्या टोलीत तो कोणाकडे सापडेना. तेल हल्ली पिशवीत येतं, बिस्किटं कागदात, आणि रंगाचे डबेसुद्धा प्लास्टिकचे झाले. दोन पुतणे सकाळपासून घरोघर फिरून रिकाम्या हातांनी परतले होते. आत पडवीत आईला निजवलं होतं. शकुनबाई घरडे, वय नव्वद. पहाटे उठून त्यांनी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत त्या गेल्या. दुपारी चारला माती द्यायची होती, आणि पत्र्याशिवाय माती देता येत नव्हती.

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. सिहोऱ्याजवळच्या या बौद्ध टोलीत, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीत, मेलेल्याला पुरतात आणि उशाशी हातभर पत्र्याची पट्टी रोवतात. पट्टीवर रंगाने लिहीत नाहीत. खिळा आणि हातोडी घेऊन एकेक भोक पाडत नाव टोचतात. मग माती लोटण्याआधी ते नाव मोठ्याने वाचायचं, आणि वाचणारा घरचा किंवा नात्यातला नको. परकाच हवा. शेजारच्या एकाही गावात ही रीत नाही. ती आली कुठून, हे सत्तर वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. विचारलं ते नववीतल्या एका पोरीने, आणि विचारता विचारता तिने सरांच्या वडिलांच्या हातातली बंदूक काढून घेतली.

गोष्ट तिचीही आहे, पण आधी सरांची.

गुलाब घरडे यांनी तेहतीस वर्षं इतिहास शिकवला. आपल्याकडे इतिहास कोणाच्या वाट्याला येतो ते सांगायला नको. गणित-इंग्रजीची सोय झाली की उरलेल्या शिक्षकाच्या गळ्यात तो पडतो. सरांनी मात्र तो मागून घेतला होता. दुसऱ्या महायुद्धाचा धडा आला की ते पुस्तक मिटून ठेवत. यातले देश आणि तारखा परीक्षेला येतील, पाठ करा, एवढं सांगून खिडकीबाहेर हात करत. तिकडे नाकाडोंगरीच्या अंगाला मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीज पोलादात जातं, पोलाद तोफेत जातं. मग आपल्या डोंगराचा तुकडा त्या युद्धात होता की नव्हता? होता म्हणणाऱ्याला ते विचारत, कशावरून? नव्हता म्हणणाऱ्यालाही विचारत, कशावरून? पोरं मेटाकुटीला येत.

एकदा त्यांनी जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांना वर्गात बोलावलं. काकांनी बासष्टच्या लढाईवर तासभर भाषण ठोकलं. ते गेल्यावर सरांनी पोरांना वहीत तीन रकाने आखायला लावले. काकांनी स्वतः पाहिलेलं, दुसऱ्याकडून ऐकलेलं आणि बोलण्याच्या भरात वाढवलेलं. पहिला रकाना जवळजवळ रिकामा राहिला, कारण बासष्ट साली काका स्वतः दुसरीत होते. पोरं पोट धरून हसली. सर हसले नाहीत. काका खोटं बोलले नाहीत, ते म्हणाले, त्यांनी फक्त स्वतःला थोडं आधी जन्माला घातलं. माणूस हे नेहमी करतो.

फळ्याच्या कोपऱ्यात तीन प्रश्न असत आणि ते वर्षभर कोणी पुसायचे नसत. कोण सांगते? त्याले कसं माहीत? कोण राहून गेलं? सर ते मुद्दाम बोलीत लिहीत, म्हणजे पोरांना ते परीक्षेचे वाटू नयेत. आजही तुमसरच्या बाजारात एखादा बाप्या मोटारसायकल थांबवून म्हणतो, सर, कोण सांगते? आणि सरांना त्याचं नाव आठवत नसलं तरी बाक आठवतो. त्या दिवसांची त्यांना फार आठवण येते. शाळा सुटली तरी तो खडूचा वास बोटांना काही वर्षं राहिला होता, असं ते सांगतात.

निवृत्तीला सहा महिने उरले होते तेव्हा, २०१७च्या दिवाळीनंतर, त्यांनी नववीला शेवटचं काम दिलं. आपल्या भागातून महायुद्धात गेलेली माणसं शोधा. पुस्तकात नसलेली. आणि जे सापडेल ते सव्वीस जानेवारीला गावासमोर वाचा.

खुशबू पटले ही गावातल्या तेजराम पटलेंची मुलगी. घरी धानाची शेती. पोरगी अशी की रोवण्याला ओळ वाकडी लागली तर पुन्हा उपटून लावेल. तिला लांब जावंच लागलं नाही. टोलीच्या विहारात डोमाजी घरडे यांचा फोटो होता, सरांच्या वडिलांचा. लष्करी कोट, हातात बंदूक, मागे रंगवलेला धबधबा, खाली ‘वीर सैनिक, ब्रह्मदेश आघाडी’. दरवर्षी त्याला हार पडत असे. त्यांना माती दिली त्या जागेवरही टोलीच्या समितीने सिमेंटची पाटी उभारून तिच्यावर बंदूक रंगवली होती. खुशबूने फोटोचा फोटो घेतला आणि चार दिवसांनी वर्गाबाहेर सरांना गाठलं.

"सर, तुमचे बाबा अनवाणी काहून हायेत?"

सरांनी पन्नास वर्षं तो फोटो पाहिला होता. पाय त्यांनी कधी पाहिले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तेवढ्यावर पोरगी थांबती तर बरं होतं. नाकाडोंगरीला तिची मावशी राहते. तिथे शेजारच्या टिकारामच्या भिंतीवर तिला तसाच फोटो दिसला. तोच धबधबा, तीच बंदूक आणि तोच कोट. कोटाचं वरून दुसरं बटण दोन्ही फोटोंत सदऱ्याचं, पांढरं. टिकारामने काही लपवलं नाही. त्याचा बाप जन्मभर खाणीत होता, सैन्याचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं. कामठीला गेला तेव्हा हौसेने फोटो काढला. कोट आणि लाकडाची बंदूक फोटोवाल्याची, ज्याला हवी त्याला तो देत असे.

सर म्हणाले, फोटो फोटोवाल्याचा असेल, पण लढाई तर खरी ना? ती शोध. असं म्हणताना आपला आवाज वर्गातल्यासारखा नाही हे त्यांचं त्यांनाच कळलं.

खुशबूने शोध घेतला, सरांनी शिकवलं होतं अगदी तसा. टोलीतल्या अकरा जणांना तिने विचारलं की डोमाजींनी बंदूक चालवली हे तुम्हाला कोणी सांगितलं. वहीत बाण काढत गेली. सून म्हणाली सासऱ्याने, सासरा म्हणाला इश्वरभाऊंनी. इश्वर हे विहार समितीचे अध्यक्ष आणि सरांचे बालमित्र, एका बाकावर शिकलेले. त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं की त्यांना खुद्द गुलाबने सांगितलं. सगळे बाण एकाच नावापाशी येऊन थांबले. पोरीने वही सरांपुढे धरली.

"सर, तुमाले कोणी सांगतलं?"

सरांनी वही मिटून तिला परत दिली. कारण उत्तर त्यांना माहीत होतं आणि ते चाळीस-पन्नास वर्षं त्यांनी स्वतःपासूनही लपवलं होतं. कोणीच सांगितलं नव्हतं. चौथीत असताना सव्वीस जानेवारीला त्यांना भाषण करायला उभं केलं आणि त्यांनी ठोकून दिलं, माझ्या वडिलांनी बंदुकीने शत्रू मारले. गाव टाळ्या वाजवत राहिलं. त्या दिवसापर्यंत टोलीतल्या पोरांना गावातली पोरं खेळात घेत नसत. दुसऱ्या दिवशी गुलाब आणि इश्वर दोघांनाही घेतलं. आठ-नऊ वर्षांच्या पोराने ती बंदूक मग परत कशी ठेवावी?

डोमाजी स्वतः तर काही बोलतच नसत. लढाईत काय केलंत, असं विचारलं की एकच शब्द म्हणत, मातीकाम. लोक हसत. शूर माणूस स्वतःची फुशारकी मारत नाही, असं म्हणत आणि त्यांचा मान आणखी वाढवत. बापडा खरं सांगत होता आणि कोणी ऐकत नव्हतं. ऐकणाऱ्यांत पुढे इतिहासाचा शिक्षक झालेला मुलगाही होता.

घरात पत्र्याची एक नळकांडी होती. डोमाजी सैन्यातून सुटले तेव्हाचा कागद तिच्यात. छप्पन साली दीक्षा घेण्याआधी दसऱ्याला तिची पूजा होई. नंतर अशोक विजयादशमीला बुद्धाच्या तसबिरीपुढे ती ठेवून फुलं वाहत. पूजेतली वस्तू, तिला उघडायचं कशाला? तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना ‘आधी कागद बघा’ म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरातला कागद फुलं वाहून बंद ठेवला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सरांनी ही म्हण त्या आठवड्यात स्वतःला इतक्या वेळा ऐकवली की बायकोने हात जोडले.

रविवारी त्यांनी नळकांडी उघडली. कागद पिवळा पडला होता, इंग्रजी अक्षरं टंकलेली. भरती १९४३, कामठी. पायोनियर कंपनी, म्हणजे रस्ते खोदणारी, ओझी वाहणारी तुकडी. पुढे इंफाळच्या बाजूला लढाईतल्या मृतांना पुरणाऱ्या पथकात नेमणूक, दोन वर्षं. हत्याराच्या रकान्यात आडवी रेघ. आणि चांगली वर्तणूक.

सरांनी कागद दोनदा वाचला. त्यांना शरम वाटली आणि शरम वाटल्याचीही शरम वाटली. गावात मेलेली ढोरं ओढायचं काम नको म्हणून त्यांचा बाप पळून सैन्यात गेला होता, एवढं आईकडून माहीत होतं. आणि सरकारने तिथे त्याच्या हातात फावडंच दिलं. माणसांसाठी, एवढाच फरक.

सोमवारी त्यांनी तो कागद खुशबूला दाखवला. लपवता आला असता, तसा विचार रात्रभर मनात येऊनही गेला होता. पोरीने अक्षर अक्षर वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, मी हे वाचत नाही, दुसरा विषय घेते. सर म्हणाले, दोन प्रश्न झाले, तिसरा राहिला. कोण राहून गेलं?

त्या तिसऱ्या प्रश्नासाठी ती टोलीच्या मातीच्या जागेत गेली. सोबत तेजराम आले, कारण पोरगी एकटी तिकडे जाणं त्यांना पसंत नव्हतं. पळसाच्या झाडांखाली पट्ट्या उभ्या होत्या. रंग असता तर कधीच गेला असता, पण टोचलेली भोकं तशीच होती. सर्वांत जुनी पट्टी सत्तेचाळीसची, म्हणजे डोमाजी लढाईवरून परतल्यानंतरची पहिली मयत. एकोणऐंशी साली डोमाजी गेले, तोवरच्या अडतीस पट्ट्या एकाच हाताच्या. खुशबूने सगळ्यांची नावं उतरवली. जिथे घरचं कोणी नाही, तिथे मेलेल्याचं नाव परक्यालाच वाचावं लागतं, हे तिने आपल्या वहीत लिहिलं. लढाईवर डब्याच्या पत्र्यावर टोचलेली नावं परके वाचत, डोमाजींनी हेच पाहिलं आणि तेच इकडे आणलं. सरांनी त्यात एक शब्द घालायला लावला. बहुतेक. कागदात हे लिहिलेलं नाही, आपण जोडलं आहे, तेव्हा बहुतेक म्हण.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. इश्वर संध्याकाळी आले ते बसलेच नाहीत.

"आपले लोक खरोखर लढले, मेले. त्याईची नावं कोणी घेत नाई. एक फोटो होता आपल्याजवळ, तोबी तू गावातल्या पोट्टीच्या हातानं उतरवून राहिला?"

सर म्हणाले की खरे लढले म्हणूनच हा एक खोटा नको, नाहीतर उद्या खऱ्यांवरही लोक शंका घेतील. इश्वर म्हणाले, त्या बंदुकीने आपल्याला गावात मान दिला, तू विसरलास. सर विसरले नव्हते. एक शब्द टाकला असता तर खुशबूने आनंदाने विषय बदलला असता. बापाचा मान, टोलीचा मान आणि आयुष्यभराचा मित्र एका बाजूला, आणि फळ्याच्या कोपऱ्यातले तीन प्रश्न दुसऱ्या बाजूला. तेहतीस वर्षांत त्यांना इतकं कठीण कोणी काही विचारलं नव्हतं.

शेवटी ते आईपाशी गेले. शकुनबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. सरांनी कागद त्यांना मराठीतून सांगितला, काही न गाळता. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडत राहिल्या.

"कोटवाला माणूस मी कधी पायलाच नाई बापू. मले तं फावडेवाला माहीत. रोज झोपीत नावं घे, आमच्यातली नाई, परकी. मले वाटे देवाधर्माचं काई असन." मग त्यांनी विचारलं, "साऱ्याईचं नाव त्यानं टोचलं. त्याचं कोणी टोचलं?"

कोणीच नव्हतं टोचलं. डोमाजी गेले तेव्हा टोचणारा हातच गेला होता. पुढे इश्वरचे वडील ते काम शिकले, पण डोमाजींची पट्टी तेवढी राहून गेली आणि नंतर वर सिमेंटची पाटी बसली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आईने तांदूळ निवडता निवडता दिलं होतं.

सव्वीस जानेवारीला खुशबूने गावासमोर सगळं वाचलं. कोट, बटण, टिकाराम, कागद, अडतीस पट्ट्या आणि शेवटी बहुतेक. चौथीतल्या भाषणाचं सरांनी स्वतः उठून सांगितलं. टाळ्या वाजल्या नाहीत. लोक एकेक करून उठले. इश्वर वाचन संपायच्या आधीच गेले होते. दुपारी शकुनबाईंनी खिळ्यावर पहिला ठोका स्वतः मारला, पुढचं नाव सरांनी टोचलं आणि पट्टी सिमेंटच्या पाटीखाली रोवली. पाटीवरची बंदूक पुसायची का, असं पुतण्याने विचारलं. सर नको म्हणाले, तोही पुरावाच आहे. माती एकोणचाळीस वर्षांपूर्वीच लोटलेली होती, तरी रीत म्हणून नाव वाचायला परकं माणूस हवं होतं. खुशबूने वाचलं. तेजराम टोपी काढून मागे उभे होते. इश्वर आले नाहीत, आणि त्यानंतर सात वर्षं ते सरांशी बोलले नाहीत. वाटेत समोरासमोर आले की पान थुंकायला वळत. सरांना याचं दुःख इतकं होतं की त्याबद्दल ते कोणाशी बोलत नसत.

आज सगळं डोळ्यांपुढून गेलं ते त्या एका डब्यापायी. दोन वाजले. खुशबू आता भंडाऱ्याला बी.एड. करते. सकाळीच फोन केला होता, ती निघाली होती. पट्टी मात्र नव्हती. सर अंगणात हातोडी घेऊन बसले होते, निवृत्तीनंतर इतके रिकामे ते प्रथमच दिसत होते.

फाटकाची कडी वाजली. इश्वर आले. काखेत वनस्पती तुपाचा जुना डबा, त्यात त्यांची बायको निर्मलाबाई तीस वर्षं तिखट ठेवत होती. तिखट कागदावर ओतून, डबा धुऊन, पुसून आणला होता. ते सरांपाशी उकिडवे बसले आणि कात्रीने पत्रा कापायला लागले. पट्टी निघाली. सरांनी टोचायला घेतलं आणि इश्वरनी ती दोन्ही बाजूंनी घट्ट धरली. वडील टोचताना धरत असतील तशीच. अर्ध्या तासात नाव झालं. तिखटाच्या वासाने दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, निदान तसं म्हणायची सोय होती.

इश्वरनी विचारलं की वाचणार कोण. सर म्हणाले, खुशबू येत आहे. इश्वरनी पत्र्याचे काठ अंगठ्याने चाचपले.

"ते पोरगी आता तुया घरची झाली. परका पायजे ना? सात वर्सं बोललो नाई मी. माह्याएवढा परका तुले कुठं भेटन?"

चारला माती दिली. खुशबू तुमसरहून ऑटो करून वेळेत पोचली आणि बायकांत जाऊन उभी राहिली. शकुनबाईंना डोमाजींच्या शेजारीच जागा केली होती. इश्वरनी पट्टी हातात घेतली. चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्यांनी भोकांवरून बोट फिरवत अक्षरं जुळवली. सगळे थांबून होते. मग त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, शकुनबाई डोमाजी घरडे. नंतर ते शेजारच्या मातीपाशी वाकले, सिमेंटच्या पाटीखालच्या गंजलेल्या पट्टीवर तेच बोट ठेवलं आणि सात वर्षांपूर्वी जे ऐकायला ते आले नव्हते ते नावही वाचलं. डोमाजी सुका घरडे.

गुलाब सर तेव्हा रडले. इश्वरनी बाजूला पडलेलं फावडं उचललं आणि दोघांनी मिळून माती लोटायला घेतली.